सही होईपर्यंत खड्डा खणू नकोस

अरे अभिनंदन, अमेरिकेत येऊन शेवटी जमीन घेतलीसच! आता इक्विपबद्दल, म्हणजे शेतावर माती-पाणी जपणारी कामं केली तर खर्चाला मदत देणाऱ्या सरकारी योजनेबद्दल, विचारतोयस तर आधी एक काम कर, तुमच्या काउंटीच्या यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) सर्व्हिस सेंटरला फोन करून अपॉइंटमेंट घे आणि जमिनीचा डीड (खरेदीखत) घेऊन जा, एफएसएकडून, म्हणजे त्याच खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडून, फार्म नंबर मिळाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. तिथेच एडी-१०२६ (धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा जपण्याची हमी) वगैरे फॉर्म भरून टाक. मग शेजारच्या टेबलावर एनआरसीएसवाले, म्हणजे इक्विप चालवणारे मृदा-जलसंधारणवाले, बसतात, त्यांना शेतावर बोलव. फुकट येतात रे, माती बघतात, उतार बघतात, प्लॅन करून देतात.

आणि नीट ऐक, काँट्रॅक्टवर सही होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. मी पहिल्याच वर्षी अर्ज टाकला आणि उत्साहाच्या भरात दोन वीकेंडला कुंपणाचे खांब रोवून मोकळा झालो, झालं, तेवढं कुंपण बाद, एक डॉलर नाही मिळाला. बायको अजून ऐकवते.

पैसे काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर येतात म्हणून सुरुवातीला खिशातून घालायची तयारी ठेव. पण तुला शेती करून १० वर्षं झाली नाहीत ना, मग बिगिनिंग फार्मर म्हणून टिक कर, मदतीचा दर जास्त मिळतो, निदान ५० टक्के ॲडव्हान्सही मागता येतो. अर्ज वर्षभर घेतात पण अर्जांना गुण देऊन क्रम लावतात त्या रँकिंगची कटऑफ तारीख प्रत्येक राज्याची वेगळी, ती आधी विचार. हो आणि हे उत्पन्न टॅक्समध्ये दाखवावं लागतं, तुझ्या सीपीएला (अकाउंटंटला) सांगून ठेव.