सिस्टरचं एकटं मेडल म्हणजे 'मोडलेला सेट' असं समजू नका

तुमची पोस्ट वाचली. पुण्याच्या जुन्या बाजारात चांदीचं मेडल मिळालं, एका बाजूला पंचम जॉर्ज, मागे घोड्यावर उघडा माणूस, मेडलच्या कडेला स्टाफ नर्स असं लिहून पुढे नाव आणि शेवटी ए.ए.एन.एस., ए.आय.एफ. विकणारा म्हणाला जोडीचं हरवलंय, सेट मोडलाय म्हणून स्वस्तात देतो. आणि आता दुसरा एकजण रॉयल रेड क्रॉस (लष्करी नर्सिंगसाठीचा ब्रिटिश सन्मान) दाखवतोय, तो घ्यावा का, असं तुमचं विचारणं.

आधी मेडलचं बोलू. हे ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धातलं, आणि ती अक्षरं म्हणजे ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस, ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स. आता लोकांना वाटतं की वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही जोडगोळीच, एक दिसलं की दुसरं हरवलंच. पण तसं नाहीये. वॉर मेडल देशाबाहेर जाऊन नोकरी केली तरी मिळायचं, व्हिक्टरी मेडलला मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात पाय ठेवलेला लागायचा, आणि सरहद्दीचा भाग सोडला तर हिंदुस्थान काही युद्धक्षेत्र धरलेलं नव्हतं. १९१६ पासून पाचशेच्या वर ऑस्ट्रेलियन नर्सेस इकडे आल्या, मुंबईचं व्हिक्टोरिया वॉर हॉस्पिटल, पुण्याचं डेक्कन वॉर हॉस्पिटल, मेसोपोटेमियातून बोटी भरभरून आजारी आणि जखमी यायचे ते यांच्याच हातात. (मुंबईतलं म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेही त्या काळात लष्करी हॉस्पिटल होतं, तिथे फिरायला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असतं कोण जाणे.) म्हणजे तुमची सिस्टर फक्त हिंदुस्थानातच राबली असेल तर तिला हे एकच मेडल मिळालं आणि तुमच्या हातात आहे तोच तिचा पूर्ण सेट. पण ती मुंबई-बसरा हॉस्पिटल बोटीवर गेली असेल तर मग व्हिक्टरी असायला हवं. कुठलं ते कागद सांगणार, आणि ए.आय.एफ.ची सर्व्हिस फाईल ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साईटवर फुकट वाचता येते, नाव टाका आणि बघा, आज रात्रीच बघा.

तोवर कड नीट तपासा. लिहिलेलं नाव ठशाने ठोकलेलं असतं, हाताने कोरलेलं नसतं. खरं नाव घासून काढून दुसरं टाकण्याचा धंदा जुना आहे, कारण नर्सचं नाव असलं की साध्या शिपायाच्या मेडलच्या कितीतरी पट भाव येतो. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि मेडल फिरवत फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, ३६ मिमी सगळीकडे यायला हवं, एखाद्या ठिकाणी कमी आलं किंवा अक्षरांखालचा भाग बोटाला खोलगट लागला की समजा घासलंय. आणि अजून एक, शिपायाच्या नावाआधी नंबर असतो, नर्सच्या मेडलवर बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे नंबर नाही म्हणून घाबरू नका.

ही मेडलं सुमारे ६५ लाख निघाली तरी आज कमी दिसतात त्याचं कारण साधं आहे, चांदी. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ढिगाने वितळवली गेली. आपल्याकडे सराफाच्या मुशीत किती गेली देव जाणे.

आता रॉयल रेड क्रॉस. दिसायला देखणा, लाल इनॅमलचा क्रॉस, निळ्या रिबिनीला लाल कडा, बायकांसाठी बो बांधलेला. १८८३ साली व्हिक्टोरिया राणीने सुरू केला, फ्लॉरेन्स नाइटिंगेललाही मिळाला, आणि डीलर तुम्हाला हेच ऐकवणार. पण त्यावर नाव नसतं हो! १९३८ पासून मागे सालाचा आकडा टाकायला लागले, तेवढंच. म्हणजे कागद नसेल तर तो कुणाचाही असू शकतो. दुसरा वर्ग १९१५ मध्ये निघाला, तो चांदीचा, लाल इनॅमल नसलेला, आणि पहिल्या वर्गापेक्षा बराच जास्त दिसतो, तेव्हा दुसऱ्याला पहिल्याचा भाव देऊ नका. सोबत त्याच बाईची नाव असलेली बाकीची मेडलं, लंडन गॅझेटमधली (ब्रिटिश सरकारी राजपत्रातली) नोंद, एखादं पत्र असलं तर बोला, नाहीतर माझ्या मते सोडा. ब्रिटिश नर्सेसच्या पहिल्या महायुद्धातल्या फाईली लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३९९ या मालिकेत आहेत, तिथे पडताळून घ्या. आणि नर्सच्या केपवर, म्हणजे खांद्यावरच्या छोट्या झग्यावर, लावायचा चांदीचा बॅज कुणी मेडल म्हणून गळ्यात मारू बघेल, तो बॅजच, मेडल नाही, मात्र स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या.

खरं तर तुम्ही इथे राहून गोळा करणार असाल तर दुसऱ्या महायुद्धाकडे वळा असं मी म्हणेन. ब्रिटिशांनी स्वतःच्या सैन्याला स्टार (मोहिमेबद्दलची ताऱ्याच्या आकाराची मेडलं) बिननावाचे दिले, पण हिंदी सैन्याच्या स्टारवर मागे नंबर, हुद्दा, नाव, दल सगळं ठोकलेलं असतं. नाव असलेला नर्सचा बर्मा स्टार आपल्याच एखाद्या कपाटातून निघू शकतो, आणि बाजारवाले तो बाकीच्या बिननावाच्या स्टारबरोबर एकाच डब्यात टाकतात, मागची बाजू कुणी बघतच नाही. तुम्ही बघा, भिंग घेऊन जा.

पितांबरी लावू नका, चिंच तर अजिबात नाही, काळपट आहे तसंच राहू दे, आणि प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी अॅसिड नसलेल्या कागदात गुंडाळून ठेवा. पहिल्या युद्धातली वस्तू आता शंभरी ओलांडलेली आहे, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून पार्सल करू नका, पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा आडवा येऊ शकतो, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. आणि कडेचा फोटो बाजूने उजेड पाडून टाका, अक्षरं ठोकलेली की कोरलेली ते इथले लोक लगेच सांगतील.