मिशन ट्रिपहून परत आले, पण घरी मन लागत नाही

प्रश्न : ताई, मी इंदूरला राहते, वय २७, प्रायव्हेट बँकेत नोकरी. मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाबरोबर मेळघाटात गेले होते, धारणीच्या पुढच्या गावांमध्ये, मेडिकल कॅम्प, मुलांना गाणी-गोष्टी, संध्याकाळी प्रार्थना असं सगळं. तिथे रोज वाटायचं की मी ह्याचसाठी जन्मले. परत आले आणि सगळं फिकं पडलंय. ऑफिसात टार्गेटची मीटिंग चालू असताना रडू येतं. मैत्रिणी छप्पन दुकानला खायला घेऊन गेल्या तर बिल बघून मला टँकरची वाट बघत हंडा घेऊन बसलेली तिथली बाई आठवली, मी काहीतरी टोचून बोलले आणि सगळ्यांचा मूड गेला. आई म्हणते, झालं ना आता, कामाला लाग. प्रार्थनेला बसले तरी काही जाणवत नाही. नोकरी सोडून तिकडेच जाऊ का? की माझा विश्वासच कच्चा आहे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, विश्वास कच्चा वगैरे काही नाही, तू दमलीयेस. बायबलमधला पहिला राजे १९ काढून वाच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा दिवस बघितलेला एलीया संदेष्टा लगेच नंतर रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत त्याला एका शब्दाने रागवत नाही, भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, मग उठवून परत खायला देतो. मार्कच्या ६व्या अध्यायातही शिष्य कामगिरीवरून परत येऊन सगळं सांगतात तेव्हा प्रभू म्हणतो की एकांतात चला, थोडा विसावा घ्या. तू तर घरी आलीस आणि लगेच बँकेत हजर, विसावा कधी घेतलास? आधी नीट झोप, वेळेवर जेव, आणि प्रार्थनेत काही जाणवलं नाही तरी बस, एखादं स्तोत्र वाच आणि ऊठ, सध्या एवढं पुरे.

आणि हे फक्त तुझंच होतंय असं नाही. परदेशात राहून घरी परतलेल्यांचा अभ्यास करून गुल्लाहॉर्न पतिपत्नीने १९६३ सालीच मांडलं होतं की माणूस नव्या जागी गेल्यावर एकदा खचतो, सावरतो, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा खचतो. तुझी ट्रिप छोटी असली तरी तिथे दिवसभर एकच काम, सोबतचे सगळे एका मनाचे, आणि इथे आल्याआल्या ईएमआय, ट्रॅफिक, टार्गेट. मन गडबडणारच.

आता आईचं. तिला राग नाही गं, तिला तू काय बघितलंस तेच माहीत नाही. तू तिला फोटो दाखवलेस असशील, गोष्ट सांगितली नसशील. एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसून एकाच बाईचं, एकाच मुलाचं सांग, सगळ्या ट्रिपचं नको. पौल आणि बर्णबा त्यांच्या मिशनच्या प्रवासाहून अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळीला जमवून देवाने काय काय केलं ते सांगितलं आणि मग बरेच दिवस तिथेच राहिले, प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये आहे. आपल्याकडे काय होतं, तर रविवारी उपासनेत तीन मिनिटांची साक्ष, टाळ्या, चहा, संपलं. पाळकसाहेबांना सांगून तुमच्या टीमसाठी एक पूर्ण संध्याकाळ मागून घ्या, आणि तिथे फक्त छान छान नका बोलू, कुठे चिडलात, कुठे आपला उपयोग नव्हता, कुठलं मूल बघून झोप लागली नाही, तेही बोला. मला वाटतं बहुतेक मंडळ्या इथेच कमी पडतात, पाठवायला सगळे उभे असतात आणि परत आलेल्याला कोणी विचारत नाही. मैत्रिणींना सॉरी म्हण आणि पुन्हा जा त्यांच्याबरोबर. त्यांनी प्लेट खाली ठेवली म्हणून त्या बाईचा हंडा भरणार नाहीये, पण तू प्रेमाने सांगितलंस तर त्यातली एखादी पुढच्या कॅम्पला औषधं देईल. पाण्याचंच म्हणशील तर आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप होऊन येतं, ते घरात जपून वापर, त्यासाठी कोणाला लेक्चर द्यायला नको.

नोकरीचं म्हणशील तर आत्ता सोडू नकोस, हे मी अगदी ठाम सांगते. मार्क ५ मधला तो बरा झालेला माणूस प्रभूबरोबर जायच्या विनवण्या करत होता, त्याला प्रभूने सांगितलं घरी जा, आपल्या लोकांना सांग. तुझे लोक कोण? एकदा एमवाय हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बघ, निमाड, झाबुआ, अलीराजपूर, कुठून कुठून माणसं आलेली असतात, कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कळत नाही, पेशंटबरोबरची माणसं जमिनीवर झोपतात. मेळघाटातले कोरकू आदिवासी आपल्या खंडवा-बुऱ्हाणपूर भागातही आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे फॉर्म भरून दे, जेवणाचा डबा ने, बँकेत असल्यामुळे तुला खातं, केवायसी, आधार हे जमतं आणि ह्याच गोष्टींवर त्यांचं गाडं अडतं. आणि धारणीकडे जे सेवक वर्षभर राहतात त्यांना फोन करून विचार की काय हवंय, तू ठरवू नकोस. पावसाळ्यात तिथे रस्ते तुटतात आणि लेकरांच्या आजारपणाचे दिवसही तेच, त्यांनी बोलावलं तर तेव्हा सुट्टी काढून जा, कोरकूचे चार शब्द शिकून जा. ती मुंडा कुळातली भाषा आहे, मराठी-हिंदी येते म्हणून आपोआप नाही येत. असं एक वर्ष केलंस आणि तरी ओढ तेवढीच राहिली तर मग पाळकसाहेब, आई, तू, तिघं बसून बोला आणि मला परत लिही, मी खरंच वाट बघेन.

प्रश्न : माझा मुलगा अशाच ट्रिपहून आलाय, एसी लावू देत नाही, जमिनीवर झोपतो, बाबांना पैशांवरून बोलतो. काय करू?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : जमिनीवर झोपू द्या, काही बिघडत नाही. बाबांशी बोलताना मात्र आवाज खाली, हे स्पष्ट सांगा. हसू नका त्याच्यावर आणि नातेवाइकांसमोर तर विषयच काढू नका, त्यापेक्षा तो काय बघून आला ते विचारा. आणि जंगल भागातून आलाय म्हणून सांगते, ताप आला तर व्हायरल म्हणून गोळी देऊन बसू नका, त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया लिव्हरमध्ये दबून राहून कित्येक महिन्यांनीही वर येतो, त्यामुळे दिवाळीत ताप आला तरी डॉक्टरांना मेच्या ट्रिपचं आवर्जून सांगा.