दाताच्या फिलिंगभोवतीची गळती डिजिटल प्रतिमेवरून कशी मोजतात?

गळती म्हणजे फिलिंग आणि दात यांच्यामधल्या फटीतून द्रव आत झिरपणे; तिची मोजणी काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत होते. फिलिंग केलेला दात ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात, फिलिंगच्या कडेभोवती साधारण १ मिलिमीटर जागा सोडून बाकी भागाला नेलपॉलिश (हो, बाजारातलेच) लावतात आणि मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात ठेवल्यानंतर तो हिऱ्याच्या पात्याने उभा कापतात. त्या कापाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो घेऊन इमेजजेसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मोजपट्टीचे प्रमाण बसवले की, निळा रंग फिलिंगला लागून असलेल्या दाताच्या भिंतीलगत किती आत शिरला हे ० ते ३ अशा ढोबळ गुणांऐवजी मिलिमीटरमध्ये मिळते. मात्र एका कापात एकच प्रतल दिसते, म्हणून अनेक काप घेणे मला आवश्यक वाटते. शिवाय रंगाचा रेणू जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असल्याने, रंग शिरला तिथे कीड लागेलच असे नाही.