खोडलेली ओळ

प्रिय मित्रा,

येऊरच्या ओढ्यातले किडे-अळ्या मोजून पाणी किती स्वच्छ आहे ते ठरवायचा तुझा रविवारचा तक्ता पाहिला. मोरीखालच्या जागेची ओळ तू खोडलीस आणि तिच्याऐवजी वरच्या झाडीतली जागा भरलीस. कारण लिहिलंयस, 'खाली काहीच मिळालं नाही.' ते वाचून लगेच लिहायला बसलो.

मिळालं होतं. तुझ्याच फोटोत पांढऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात लाल अळ्या वळवळताहेत. मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात, त्याच जातकुळीतल्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत ज्या प्राण्याला जितकं स्वच्छ पाणी लागतं तितके त्याला जास्त गुण; त्यात या अळ्यांना २ गुण, तर मेफ्लाय नावाच्या किड्याच्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या पिल्लांना १०. वर मेफ्लाय आणि खाली नुसत्या लाल अळ्या, हाच तर या ओढ्याचा निरोप आहे, आणि तू नेमका तोच खोडलास. तपासायला बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. ही पिल्लं मात्र आठवडेच्या आठवडे तिथंच असतात. मंगळवारी रात्री कुणी पाण्यात काही सोडलं, तर रविवारी पाणी नितळ दिसेल, पण मेफ्लाय नसतील.

पाण्यावर तरंगत फिरणाऱ्या पाणनिवळ्या दिसल्या म्हणून मात्र हुरळू नकोस. त्या वरची हवा घेतात, पाण्यात ऑक्सिजन किती आहे याचं त्यांना फारसं काही नसतं.

माझ्या पहिल्या हंगामात मी जाळी तीन मिनिटांऐवजी काही चांगलं सापडेपर्यंत धरायचो. पुढच्या वर्षी तुलना करायला बसलो, तर प्राणी वाढले होते की माझा वेळ, तेच सांगता येईना. सगळे तक्ते बाजूला ठेवावे लागले. त्याचं दुःख अजून आहे. म्हणून सांगतो, जागा तीच, जाळी तीच, वेळ घड्याळ लावून.

मुसळधार पावसानंतर लगेच जाऊ नकोस. लोंढ्यात प्राणी वाहून जातात आणि त्याचा दोष प्रदूषणावर येतो. शिवाय डोंगरातलं पाणी बघता बघता चढतं. पायाला जखम असेल तर काठावरच थांब, लेप्टोच्या तापाची भीती असते. उलटलेले दगड होते तसे ठेव, प्राणी मोजून झाले की तिथंच सोड. वनखात्याची परवानगी जवळ असू दे.

येत्या रविवारी मोरीखाली जाळी तूच धर, मी घड्याळ घेऊन काठावर बसतो. तोवर खोडलेली ओळ फोटो बघून पुन्हा लिहून ठेव.

तुझा,
काका