मंजरी, मांजर आणि नतकणिश

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या पुस्तकातल्या 'कॅटकिन'ला (ओक, विलो अशा झाडांचा शेपटीसारखा लांबट फुलोरा) 'मंजरी' म्हटलं तर चालेल का, आणि कॅटकिनवाल्या झाडांना 'मंजरी कुल'?

ताई, मंजरी नको. मंजरी म्हटलं की तुळस डोळ्यांपुढे येते; तिच्या फुलांना पाकळ्या असतात, मधमाश्या येतात. शिवाय परिभाषेत मंजरी म्हणजे रेसीम, एका लांब दांड्यावर देठाची फुलं असलेला फुलोरा. कॅटकिनची फुलं बारीक, बिनपाकळ्यांची, एकलिंगी. नर फुलोरा पराग उधळून झाला की अख्खाच गळून पडतो. त्याला परिभाषेतला शब्द आहे नतकणिश. नत म्हणजे वाकलेलं, कणिश म्हणजे आपलं कणीसच. शब्दात खोट एवढीच की विलोची बरीचशी नतकणिशं ताठ उभी असतात. बोलताना मला 'लोंबी' आवडली असती, पण ती भाताची; ऐकणारा दाणे शोधत बसेल.

गंमत म्हणजे कॅटकिनमध्ये खरंच मांजर आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ मांजराचं पिल्लू. हेन्री लाइट या इंग्रज वनस्पती-अभ्यासकांनी तो १५७८ मध्ये इंग्रजीत आणला. आपल्या मंजरीचा मात्र मांजराशी काही संबंध नाही. मांजर आलं मार्जारावरून.

आता 'कुल', म्हणजे एकमेकांच्या नात्यातल्या झाडांचं घराणं. इथे शब्दापेक्षा शास्त्राची अडचण आहे. पूर्वी ही सगळी झाडं 'अमेंटिफेरी' या एकाच गटात घालत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांना तर हीच साधी फुलं आदिम वाटली. पुढे लक्षात आलं की बऱ्याच झाडांत हा साधेपणा वाऱ्यावर पराग सोडण्याच्या सोयीसाठी नंतर आलेला आहे, आणि तोही वेगवेगळ्या घराण्यांत. आज ओक, भूर्ज, अक्रोड आणि आपलं सुरूचं झाड एका गणात (गण म्हणजे कुलाच्या वरचा गट), विलो आणि आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारं वाळुंज थेट एरंड-कृष्णकमळाच्या गणात, तुती वड-गुलाबाकडे. म्हणून 'नतकणिशधारी झाडं' बिनधास्त लिहा. ते वर्णन झालं, नातं नव्हे.

मुलीला दाखवायला ओक कुठून आणणार? सोसायटीत तुती असेल तर तिचं कोवळं, हिरवं फळ हातात द्या. त्यावर पांढुरके केस दिसतील, ते मादीफुलांचे. एकेक मणी म्हणजे एकेक फूल. आपण तुती म्हणून जी खातो आणि शर्टाला डाग पाडून घेतो, ती पिकलेली अख्खी कॅटकिनच.