सोल्डर आतून गळतंय, काय करू?

प्रश्न: ताई, गॅलरीत टेबल टाकून दोन वर्षं स्टेन्ड ग्लास (रंगीत काचेचे तुकडे जोडून नक्षी) करतोय, खिडकीत टांगायचे छोटे पॅनल बरे जमले म्हणून टिफनी लॅम्पसारखा सहा बाजूंचा लॅम्पशेड करायला घेतला. तिसऱ्या जोडापर्यंत वाट लागली. काचा जोडायला वितळवतो ते सोल्डर आतून थेंब थेंब गळतंय, वरची लाईन गाठीगाठींची आणि चिकट, काचेच्या कडेला चिकटवलेली तांब्याची पट्टी, म्हणजे फॉइल, दोन ठिकाणी सुटली. सोल्डर वितळवायचं आयर्न २५ वॅटचं, सोल्डर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, आई म्हणते शिशाचा धूर होतो, बंद कर. करू का बंद? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बंद नका करू, पण ते आयर्न आणि ते सोल्डर आधी बाजूला ठेवा. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरच्या पोटात राळ भरलेली असते, तुमची लाईन चिकट होते ती त्यामुळेच. आपल्याला भरीव तार लागते, ६०/४० म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं, साधारण १९० डिग्रीला पूर्ण पातळ होते, आणि फ्लक्स (सोल्डर तांब्याला धरावं म्हणून लावायचं द्रव्य) वेगळा ब्रशने लावायचा. आयर्न ८० ते १०० वॅटचं घ्या. २५ वॅटमध्ये तेवढी ताकदच नाही, लाईन पळत नाही म्हणून तुम्ही एकाच जागी टेकवून बसता, तेवढ्यात फटीतून माल खाली आणि फॉइलचा गोंदही तापून ढिला.

आता फट आली कुठून? कापण्यातून. माझ्या पहिल्या शेडला मी ‘सोल्डरने भरून निघेल’ म्हणत दोन-दोन मिलिमीटरची फट ठेवली होती आणि अख्खी दुपार टेबलावरचे चंदेरी मणी खरवडत बसले. ३ मिलिमीटरच्या काचेला ७/३२ इंची फॉइल लावली की दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर वळते, पण फट ठेवायची ती फक्त फॉइलच्या जाडीपुरती, तेवढीच काच घासा, जास्त नको. आणि फॉइलच्या आधी प्रत्येक तुकडा भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडा करा हो! कटरचं तेल, घासल्याची पूड, आपल्या बोटांचा तेलकटपणा, यावर फॉइल चिकटतच नाही.

जुळवताना सहाही तुकडे टेबलावर पंख्यासारखे शेजारी शेजारी मांडा, वरून टेप लावा आणि मधून उचला, आपोआप टोपी उभी राहते. आधी जोडांवर सोल्डरचे नुसते टाके, म्हणजे ठिपके, घाला. मग शेड खोक्यात जुन्या गोधडीवर असा कलता ठेवा की ज्या जोडावर काम चाललंय तो अगदी आडवा येईल, कारण सोल्डर पातळ झालं की पाण्यासारखं उताराला पळतं. शेडच्या वरच्या तोंडावर बसवायच्या पितळी टोपीला आधी सोल्डरचा पातळ थर द्या, कल्हईच म्हणा ना. कल्हईवाल्याचा नवसागर आठवतो? त्याच्या वडीवर आयर्नचं टोक घासलं की चकचकीत होतं, आम्ही आजही तेच करतो.

टिफनीचं नाव काढलंत म्हणून सांगते, न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत काच निवडून कापणाऱ्या बायकांचा वेगळा विभाग होता आणि त्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. विस्टेरिया लॅम्प तिचा, जवळजवळ २००० तुकड्यांचा. तिची घरी लिहिलेली पत्रं सापडली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा कुठे लोकांना कळलं, तोवर सगळं श्रेय मालकाला.

आता आईंचं. धूर होतो तो मुख्यतः फ्लक्सचा, शिशाची वाफ व्हायला आयर्नपेक्षा खूप जास्त उष्णता लागते. म्हणून धूर चालेल असं नाही, पंखा बाहेरच्या दिशेला लावाच. पण शिसं पोटात जातं ते हातावाटे, टेबलावरच्या कणांवाटे, आणि दीड वर्षाचं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. गॅलरीचं दार बंद, तिथे चहाचा कप नाही, काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं (झाडू अजिबात नको), हात साबणाने धुवायचे आणि कपडे बदलूनच मुलीला उचलायचं. एवढं रोज पाळणं होणार नसेल तर मात्र आईंचंच ऐका, किंवा बिनशिशाचं सोल्डर आणा, महाग पडतं आणि पळतंही जरा आळशीपणे.

गळलेले तीन जोड तापवून सोडवा, काच वाया जाणार नाही, फॉइल तेवढी नवी लावा.