लग्नात डोक्यावर फिरणाऱ्या ड्रोनला घाबरावं का?

तुम्ही विचारलंय, बहिणीच्या लग्नात ड्रोन लावलाय आणि आजी घाबरतेय, तिची समजूत कशी घालावी? मी लग्नांत ड्रोन उडवतो. माझं ऐकाल तर आजीला राहू द्या, बाकीच्या वऱ्हाडाची समजूत घाला.

आपल्याकडे भीती वाटते ती आभाळातल्या ड्रोनची. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून बोलबाला झाला, चोर टेहळणी करतायत असं समजून गावंच्या गावं जागली. त्या दिवसांत एका गावी मला ड्रोनची पेटी उघडण्याआधी पोलीस पाटलांना दाखवावी लागली. आणि त्याच गावात वरातीत ड्रोन जरा खाली आणला, तर पोरं धरायला उड्या मारतायत आणि नवरदेवाचा मामा ओरडतोय, "अजून खाली घे की!"

पाती फिरताना दिसत नाहीत, तिथेच फसगत होते. नुसतं प्लास्टिक, पण घाईत ड्रोन हातावर उतरवताना माझ्या अंगठ्याला तीन टाके पडले.

खरी नको ती जागा म्हणजे छताखालची. कार्यालयाच्या पत्र्याखाली, ड्रोन ज्याच्या जोरावर जागा धरून राहतो ते जीपीएस मिळेनासं होतं आणि तो वाऱ्यावर सोडल्यासारखा सरकत जाऊ शकतो. कापडी मंडपात जीपीएस मिळतं, पण रिमोटचा संपर्क तुटला की बरेच ड्रोन परत येण्यासाठी आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतात. वर झालर आणि लोखंडी पाइप, खाली अक्षता घेऊन उभी माणसं. तज्ज्ञांचंही असं होतं: २०१५ च्या डिसेंबरात इटलीत स्कीइंगच्या शर्यतीत चित्रीकरणाचा मोठा ड्रोन ऑस्ट्रियाचा स्कीपटू मार्सेल हिर्शर याच्या अगदी पाठीमागे कोसळला. हिर्शर थोडक्यात वाचला.

ड्रोनवाल्याला एवढं विचारा: वजन किती? २५० ग्रॅमच्या वर असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय थर्ड पार्टी विमा. 'काय गरज आहे साहेब' असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

वरात आणि लॉनवरची एंट्री उंचावरून, कडेकडेने घ्यायला सांगा. मंगलाष्टकांना मी ड्रोन पेटीत ठेवतो. तेव्हा ती घरघर तरी कुणाला हवी असते?